शाळेआधी एक तास, नंतर दोन तास, आणि त्यासाठी एवढ्या सह्या? (उत्तर जरा लांबलंय)

स्लावची_ताई
काल इथे एकीनं लिहिलं: "मुलाला शाळेच्या आधी-नंतर चाइल्डमाइंडरकडे (स्वतःच्या घरी पैसे घेऊन मुलं सांभाळणाऱ्या बाईंकडे) सोडते. त्यासाठी ढीगभर फॉर्म, औषधाला सही, खरचटलं तरी सही. आमच्या लहानपणी शेजारच्या काकू सांभाळायच्या, त्यांनी कधी वही काढली नाही. हा सगळा ऑफस्टेडला (शाळा-पाळणाघरं तपासणाऱ्या सरकारी संस्थेला) दाखवायचा देखावा." वाचून डोकंच फिरलं. मी इथे इंग्लंडमध्ये हेच काम करते, म्हणून लिहिणं भाग आहे.

वेळ कमी म्हणून नोंदी कमी, हा हिशेबच उलटा आहे. दिवसभराचं बाळ सकाळी एकदा माझ्या हातात येतं, संध्याकाळी एकदा जातं. शाळेतलं पोर रोज चार वेळा हात बदलतं: आईकडून माझ्याकडे, माझ्याकडून शाळेत, परत माझ्याकडे, मग घरी. टेंगूळ नेमकं कुणाकडे असताना आलं हे कोण सांगणार?

इयर वनमधला (पाच-सहा वर्षांचा) एक मुलगा. गेटवर घेतला तर कानामागे लालभडक वळ. दप्तरात शाळेची बंप नोट (लागल्याची चिठ्ठी) नाही, बाई तोवर आत गेलेल्या. मी ऑफिसात विचारलं, कुणाला काही माहीत नाही. घरी येऊन वेळ, कुठला कान, केवढा वळ, तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहिलं आणि आईला कळवलं. संध्याकाळी बाबा आले ते तावातावानंच. वही पुढे केली. दुसऱ्या दिवशी शाळेनं सांगितलं, क्लाइंबिंग फ्रेमवरून पडला होता. वही नसती तर माझ्या नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार होतं?

आणि कॅलपॉल, मुलांचं तापाचं औषध! दोन डोसांत किमान चार तास हवेत, २४ तासांत चारच्या वर नाही. सकाळी घरी दिलं, दुपारी शाळेनं दिलं, आणि चार वाजता तापलेलं पोर माझ्या सोफ्यावर. कुणीच लिहिलं नसेल तर मी काय करायचं?

कायदा मागतो तरी किती? मुलाचं नाव-पत्ता-जन्मतारीख, पालकांचे फोन, घरात राहणाऱ्यांची माहिती, रोज कोण किती वाजता आलं-गेलं, अपघात, औषध. ऑफस्टेडच्या चाइल्डकेअर रजिस्टरवर (मुलं सांभाळणाऱ्यांच्या नोंदणीत) असाल तर हे दोन वर्षं जपायचं, तक्रारी तीन वर्षं.

हॅरोची_आई
ती पोस्ट माझी. माझ्या तोंडी नको ते घालू नका. अपघात लिहू नका असं मी म्हटलेलं नाही. सनक्रीमला सही, फोटोला सही, बागेत नेण्याला सही, खरचटल्यावरच्या चिकटपट्टीला सही, आणि ॲपवर "प्रलंबित" म्हणून लाल ठिपका. ऑफिसातून धावत येते, गाडी डबल यलो लाइनवर (जिथे थांबवायला मनाई), आणि दारात टॅब्लेट पुढे येतो. पोराकडे बघायचं की बोटानं सह्या करायच्या?

माजी_माइंडर_लेस्टर
ताई, तुमचं "किती मागतो" ऐकवत नाही. मी हे काम कागदांपायीच सोडलं. रिसेप्शनच्या (शाळेच्या पहिल्या वर्गातल्या, चार-पाच वर्षांच्या) मुलांची निरीक्षणं, फोटो, "पुढचं पाऊल" लिहिता लिहिता शनिवार संपायचा, आणि त्याचे पैसे कुणी देत नव्हतं. दहा-बारा वर्षांत चाइल्डमाइंडर निम्म्यावर आल्या, त्या काय हौसेनं गेल्या? सरकारनं २०२३ मध्ये सांगितलं, २०२६ पर्यंत शाळकरी मुलांसाठी सगळीकडे सकाळी ८ ते संध्याकाळी ६ सोय करू. सांभाळायला माणसं कुठून आणणार?

स्लावची_ताई
पण फक्त शाळेच्या आधी-नंतर येणाऱ्या रिसेप्शनच्या मुलाला शिक्षणाच्या त्या अटी लागूच नाहीत. धोरणंही लेखी लागत नाहीत, तोंडी समजावता आली की झालं. न मागितलेलं लिहून तुम्ही दमलात आणि दोष हजेरीच्या वहीला देताय.

माजी_माइंडर_लेस्टर
हौस म्हणून लिहीत नव्हते. ऑफस्टेडचा इन्स्पेक्टर किचनमध्ये बसून "हे कुठे दिसतंय?" विचारतो तेव्हा हातपाय गार पडतात. ट्रेनिंगमध्येही "लिहिलं नाही ते घडलं नाही" हेच घोकून घेतलं. तुम्हाला जमलं, चांगलं आहे. सगळ्यांना तुमच्या मापानं मोजू नका.

मिल्टन_कीन्सकर
मूळ रोग नोंदणीचाच. २००९ मध्ये आमच्याच भागात दोन पोलीस मैत्रिणी आपापल्या शिफ्टप्रमाणे एकमेकींच्या मुली सांभाळत होत्या. ऑफस्टेडनं ते बेकायदा ठरवलं! बोंबाबोंब झाली तेव्हा सरकारनं माघार घेतली. आमच्या गल्लीतल्या एक मावशी साडेतीन ते सहा पाच पोरं सांभाळतात, रोख पैसे, गरम वरणभात, कागद शून्य. पोरं खूश.

स्लावची_ताई
मैत्रिणींची देवाणघेवाण वेगळी, धंदा वेगळा. आठ वर्षांखालचं मूल, दिवसात दोन तासांच्या वर, स्वतःच्या घरी, पैसे घेऊन: नोंदणी लागतेच. त्या मावशींच्या घरात आणखी कोण राहतं?

मिल्टन_कीन्सकर
वरच्या खोलीत दोन विद्यार्थी भाड्यानं आहेत. सभ्य मुलं आहेत.

स्लावची_ताई
सभ्य आहेत हे कुणी तपासलं? माझ्या घरात सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाची डीबीएस (गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी) होते, माझ्या मुलाचीसुद्धा. तुम्ही वरणभातावर भुलून पोरं सोडताय!

हॅरोची_आई
इथे ताईंच्या बाजूनं बोलावं लागतंय. शिवाय बिननोंदणीच्या ठिकाणी टॅक्स-फ्री चाइल्डकेअर (सांभाळण्याच्या खर्चाला सरकारची मदत) मिळत नाही. आपल्या दर ८ पौंडांवर सरकार २ घालतं, ते बुडतात; ते मावशी देणार आहेत का?

पुण्याचे_आजोबा
मी दरवर्षी नातवासाठी येतो. शाळेतून आणतो, खाऊ घालतो. उद्या मलाही वही ठेवायला लावाल!

स्लावची_ताई
काका, सख्ख्या आजी-आजोबांना नोंदणी लागत नाही. निर्धास्त राहा.

पुण्याचे_आजोबा
त्याच्याबरोबर शेजारच्यांची दोघंही येतात. ते महिन्याला पाकीट देतात, नको म्हटलं तरी.

माजी_माइंडर_लेस्टर
काका, पाकीट आजच परत करा. व्हिजिटर व्हिसावर पैसे घेऊन काम चालत नाही.

मिल्टन_कीन्सकर
बघा! शेजारधर्मसुद्धा गुन्हा झाला.

माजी_माइंडर_लेस्टर
शेजारधर्म फुकट असतो. दरमहा पाकीट म्हणजे पगार. मी ऑफस्टेडवर चिडले असेन, पण हे मला चालणार नाही.

हॅरोची_आई
कॅलपॉलचं पटलं, तेवढंच. सनक्रीम-फोटो-बाग यांची सही सप्टेंबरमध्ये एकदा, एकाच कागदावर घ्या. दारात टॅब्लेट नको.

स्लावची_ताई
त्याला वर्षाची एक सही पुरते, मी तेच करते. तुमच्या चाइल्डमाइंडरला तसं सांगा. औषधाची लेखी परवानगी मात्र त्या त्या औषधाची आधी हवी, आणि दिलं की दर वेळी नोंद. त्यात सूट मागू नका.

माजी_माइंडर_लेस्टर
आणि ताई, अपघाताची पानं दोन वर्षांनी फाडू नका. मूल अठराचं झाल्यावर पुढे तीन वर्षं दावा करता येतो. माझी खोकी अजून माळ्यावर आहेत, काम सोडलं तरी.