ए-लेव्हलला तिसरा विषय स्पॅनिश घ्यावा का?

लेकीची_आई:
इथे इंग्लंडमध्ये लेक इयर ११ मध्ये आहे, सोळाव्या वर्षीची जीसीएसई परीक्षा तोंडावर आलीय. त्यानंतर दोन वर्षांची ए-लेव्हल, तिला तीन विषय निवडायचेत. मेडिसिन डोक्यात असल्यामुळे बायोलॉजी आणि केमिस्ट्री नक्की. घोडं अडलंय तिसऱ्या विषयापाशी. तिला स्पॅनिश हवंय, बाबांना मॅथ्स. मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, स्पॅनिशला ९ पैकी ८ ग्रेड आली, मॅथ्सला ७, त्यामुळे मार्कांवरून वाद मिटत नाही.

स्पॅनिश फार आवडतं म्हणते, पण नेमकं काय आवडतं ते मला उमगत नाही. मालिका बघते, गाणी ऐकते, शिकवणाऱ्या बाई लाडक्या आहेत. तेवढ्यावर दोन वर्षं निघतील? शिवाय घरी स्पॅनिश बोलणारी मुलं याच परीक्षेला बसतात, मग हिच्या ए-स्टारचं, म्हणजे सर्वांत वरच्या ग्रेडचं काय? मला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही, म्हणजे घरून मदत शून्य.

गणितवाला:
मॅथ्स. मेडिसिन हुकलं तर इकॉनॉमिक्स, कॉम्प्युटर सायन्स अशा वाटा उघड्या राहतात. भाषा काय, ॲपवरही शिकता येते.

स्पॅनिशच्या_बाई:
ॲपवर शिकून हॉटेलात जेवण मागवता येतं हो, पण ए-लेव्हल म्हणजे ते नव्हे. मी सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे ए-लेव्हलच्या वर्गांना, हाच विषय शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

जीसीएसईला मुलं माझी शाळा, माझी सुट्टी, माझे मित्र यावर बोलतात. ए-लेव्हलला 'माझं' संपतं. स्थलांतर, वंशवाद, फ्रँकोची हुकूमशाही, स्पेनची राजेशाही, लॅटिन अमेरिकेतल्या चळवळी, यावर मत मांडायचं आणि तेही स्पॅनिशमध्ये. एक्यूए या परीक्षा मंडळाचा पेपर घेतला तर ऐकणं, वाचणं आणि भाषांतर यांना ५० टक्के. दुसऱ्या पेपरला २०, त्यात दोन निबंध: दोन्ही साहित्यकृतींवर, किंवा एक साहित्यकृतीवर नि एक चित्रपटावर. पुस्तक जवळ नाही, डिक्शनरी नाही. उरलेले ३० तोंडी परीक्षेला.

सब्जंक्टिव्हला (इच्छा, शंका दाखवणाऱ्या क्रियापदाच्या रूपांना) मुलं घाबरतात, पण त्यापायी विषय सोडलेलं फारसं कुणी मी पाहिलं नाही. सोडतात ती ज्यांना भाषा गोड वाटते पण राजकारण-इतिहासाचा कंटाळा येतो ती. म्हणून मालिका-गाण्यांवरून अंदाज बांधू नका. तिला 'एल पाईस' या स्पेनच्या दैनिकातली एखादी स्थलांतरावरची बातमी द्या, डिक्शनरी घेऊन वाचू द्या, मग त्यावर दोन मिनिटं स्पॅनिशमध्ये बोलायला लावा. तुम्हाला कळलं नाही तरी चालेल, चेहरा बघा. शब्द अडले म्हणून चिडली तर उत्तम लक्षण. "यात मला काय करायचंय" असं म्हणाली तर मॅथ्स घ्या.

घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांची भीती अगदीच खोटी नाही. ऑफक्वॉल या परीक्षांच्या नियामक संस्थेने याचाच अभ्यास करून २०१७ मध्ये फ्रेंच, जर्मन, स्पॅनिशच्या वरच्या ग्रेडमध्ये थोडी सूट दिली होती. पण ती मुलं बोलण्यात फर्डी असली तरी निबंधात आपोआप मार्क पडत नाहीत. तिथे मुद्दा पुराव्यानिशी रचावा लागतो.

आता मेडिसिन. तोंडी परीक्षेत स्वतः निवडलेल्या विषयावर संशोधन करून आधी दोन मिनिटं मांडणी आणि मग नऊ-दहा मिनिटं चर्चा असते. विषय स्पॅनिशभाषक देशाशी निगडित हवा, एवढीच मुख्य अट. अवयवदानात स्पेन कित्येक वर्षं जगात आघाडीवर आहे. नकार नोंदवला नसेल तर संमती गृहीत धरणारा कायदा १९७९ चा, पण आकडे खरे वाढले ते १९८९ मध्ये ओएनटी ही राष्ट्रीय संस्था निघाली आणि रुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेले त्यानंतर. मग श्रेय कायद्याचं की यंत्रणेचं? यावर दहा मिनिटं सहज भांडता येतं, आणि मेडिसिनच्या मुलाखतीतही हे बोलता येईल.

गणितवाला:
बाई, पटलं. पण काही मेडिकल स्कूल मॅथ्स किंवा फिजिक्स मागतात, ते तपासा.

स्पॅनिशच्या_बाई:
बरोबर. बऱ्याच ठिकाणी तिसरा विषय कुठलाही चालतो, पण 'बऱ्याच' म्हणजे सगळीकडे नव्हे. मनातल्या चार-पाच विद्यापीठांची पानं आत्ताच उघडा.

केम_बायो_स्पॅनिश:
काकू, मी हेच तीन विषय केले, आता मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अजून एक काम करा: शाळेत विचारा की स्पॅनिशला किती जणांनी नाव दिलंय. मुलं कमी पडली तर शाळा वर्ग काढतच नाही, किंवा तास कापते. आमचा वर्ग अगदी छोटा होता. तोंडीच्या सरावाला झकास, पण गृहपाठ न करता मागच्या बाकावर लपायची सोय नव्हती! केमिस्ट्रीच्या टेस्टच्या आठवड्यात निबंध आला की जीव जायचा. आणि आत्ता नाही घेतलं तरी भाषा कायमची सुटत नाही, बऱ्याच विद्यापीठांत स्पॅनिश पहिल्यापासून शिकवतात. बाबांनाही सांगा, मॅथ्स नव्हतं म्हणून माझं आजवर काही अडलं नाही.

लेकीची_आई:
बातमीचा प्रयोग केला. आधी शब्दांवरून चिडली, मग बातमी राहिली बाजूला आणि बापाशीच स्थलांतरावरून वाद घातला, अर्धा मराठीत, अर्धा इंग्रजीत. विद्यापीठांची पानंही पाहिली, तिच्या यादीतल्या एकालाच मॅथ्स हवंय. ते नाव तिने स्वतःच खोडलं. फॉर्मवर स्पॅनिश लिहिलंय. हे अजून धुसफुसतायत, पण सही केली. बाई, एकच विचारते: अवयवदान तिच्या वर्गात आणखी कुणी घेतलं तर?

स्पॅनिशच्या_बाई:
क्षेत्र तेच चालतं, फक्त शीर्षक आणि मांडणी वेगळी हवी. अजून वर्षभर वेळ आहे हो, आधी जीसीएसई होऊ द्या.