डिझेल गाडी ऑइल खातेय: पिस्टनच्या रिंगा गेल्या की टर्बो? (इंदूर)

गाडी 2011 ची, 1.3 लिटर टर्बो डिझेल हॅचबॅक, 1 लाख 80 हजार किमी चाललेली. हजार किमीमागे अर्ध्या लिटरच्या आसपास ऑइल कमी होतं. खाली फरशीवर थेंब नाही. कूलंट जागच्या जागी, ऑइल दुधाळ झालेलं नाही, तेव्हा हेड गास्केटचा (इंजिनाच्या हेडखालच्या सीलचा) संशय मी सोडून दिलाय.

धूर निळसर, पण सारखा नाही. पलासियाच्या सिग्नलला बराच वेळ उभी राहिली की निघताना मागे एक लोट, मग साफ. ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटात पाच माणसं, एसी चालू, तरी मागून येणाऱ्या मेव्हण्याला धूर दिसला नाही. रिंगा (ऑइल सिलिंडरमध्ये वर जाऊ न देणाऱ्या) झिजल्या असत्या तर चढावर, लोडवर जास्त दिसायला हवा होता ना? शिवाय थंडीतही पहिल्या सेल्फला चालू होते.

देवास नाक्याच्या मिस्त्रीने ऑइलचं झाकण काढलं, वाफ बघितली आणि "भिया, इंजन बैठ गया, खुलवा लो" म्हणून मोकळा झाला. अहो, थोडी वाफ तर धडधाकट इंजिनातूनही येते! घरी झाकण उलटं ठेवून पाहिलं: आयडलवर थरथरतं, उडत नाही. डिपस्टिकही (ऑइल मोजायची पट्टी) आतल्या दाबाने वर ढकलली जात नाही. टर्बोने (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप मात्र आतून चांगलाच ओला आहे. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ परत हवेच्या वाटेत सोडणारी नळी) थोडं ऑइल तिथे येतंच, पण किती म्हणजे जास्त? टर्बोच्या शाफ्टचा प्ले (ढिलेपणा) हाताने तपासून काही कळतं का?

इंजिन खोलण्याआधी कंप्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) करायची आहे. पेट्रोलचा गेज इथे चालणार नाही, डिझेलचं प्रेशर त्याच्या पलीकडे जातं. इंदुरात डिझेलचा गेज, जमल्यास लीक-डाउनचं (दाब कुठून गळतो ते बघायचं) सामान असलेलं कोणी माहीत आहे? आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा, एवढं वाचलंय. भीती एकच, इतके जुने ग्लो प्लग (थंडीत सिलिंडर तापवणारे) काढताना हेडमध्येच तुटले तर? इंजेक्टरच्या भोकातून टेस्ट घेणं बरं का?

पंधरा वर्षं भरत आलीत, आरसी रिन्यू करायची की नाही हे यावरच ठरेल. टर्बोपुरतं असेल तर करतो, पूर्ण इंजिन बांधायचं असेल तर गाडी काढून टाकतो. पाइप अजून काढलेलाच आहे, फोटो हवे असतील तर सांगा.