बी विंगच्या डब्यातला धूर

बी-२०४: काल रात्री बी विंगच्या कचऱ्याच्या डब्यातून धूर येत होता. वॉचमनने वाळू ओतली म्हणून निभावलं. आत फुगलेली पॉवर बँक सापडली. कोणाची, ते विचारत नाही. ज्याची आहे त्याला कळलं असेलच.

सी-१०४: घातक कचऱ्यासाठी वेगळा डबा, असा ठराव झाला होता. त्याचं काय झालं?

ए-६०२: पॉवर बँकेचे अंत्यसंस्कार परस्पर उरकले की 😂

ए-३०१: बंद पडलेली बॅटरी पेटेल कशी? चार्जिंगच नव्हतं म्हणे.

बी-५०३: "म्हणे"? 😏

ए-३०१: उगाच काहीही काढू नका.

डी-४०१: बंद पडली म्हणजे रिकामी झाली असं नाही. लिथियम बॅटरीत आत पातळ पडदा असतो. ती दाबली गेली, पडदा फाटला, की आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊन ती तापत जाते आणि पेटते. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची.

सी-१०४: वेगळ्या डब्याचा ठराव झाला होता. त्याचं काय झालं?

सेक्रेटरी: काका, ते पैसे पार्किंगच्या पट्ट्यांना गेले. अनुमोदन आपलंच होतं 🙏

सी-१०४: मी डब्याला अनुमोदन दिलं होतं.

ए-६०२: पट्ट्या मारूनही ५०३ची गाडी आडवीच.

बी-५०३: विषय कचऱ्याचा चाललाय ना?

डी-१०२: घातक कचरा कारखान्यांचा असतो हो. घरात असून असून काय असणार?

डी-४०१: थिनर पेटतं, ॲसिड कातडी जाळतं, ढेकणांचं औषध विषारीच. ब्लीच आणि ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर एकाच डब्यात सांडलं तर क्लोरीन वायू तयार होतो. आणि त्या डब्यावर वाकतात मावशी, आपण नाही.

बी-२०४: मावशींच्या बोटात इन्सुलिनची सुई घुसली होती. तेव्हा "हातमोजे का नव्हते" विचारणारे इथेच आहेत.

डी-१०२: मी काळजीपोटी विचारलं होतं.

बी-२०४: हो, दिसली काळजी.

ए-७०१: माझ्याकडे पाऱ्याचा जुना थर्मामीटर आहे. पारा फ्लश करून टाकू का?

डी-४०१: अजिबात नको वहिनी! पाण्यातला पारा माशांमार्फत माणसात येतो. जपानमध्ये मिनामाताला कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने माणसांचे हातपाय वाकडे झाले, १९५६ साली तो आजार उघडकीला आला. थर्मामीटर आहे तसा घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. फुटलाच तर झाडू मारू नका, थेंब आणखी बारीक होऊन पसरतात आणि त्यांची वाफ होत राहते. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, जाड कागदाने थेंब गोळा करा.

ए-६०२: लहानपणी आम्ही पारा तळहातावर खेळवलाय. काही झालं नाही.

बी-५०३: असं तुम्हाला वाटतं 😄

सी-१०४: वेगळ्या डब्याचा ठराव

सेक्रेटरी: काका, डबा उद्या येतोय. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून, बॅटऱ्या वेगळ्या. जागा सुचवा.

ए-३०१: आमच्या जिन्याखाली नको, तिथे मीटर आहेत.

डी-४०१: बरोबर. कोरडी, सावलीची जागा हवी, मुलांचा हात पोचणार नाही अशी.

सेक्रेटरी: मग सी विंगच्या मागे?

सी-१०४: सी विंगला जागा नाही.