प्रतिसाद: चरबी विरघळतेच, पण सगळी नाही

वर ताईंनी विचारलंय की स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर पोटाची चरबी काढून छातीत भरली तर ती विरघळून जाते का. मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे, म्हणून लिहिते. थोडी विरघळतेच, कारण काढलेल्या चरबीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, नव्या जागी रक्तवाहिन्या फुटेपर्यंत ती आजूबाजूच्या टिश्यूवर जगते, म्हणून डॉक्टर एका जागी गोळा न भरता बारीक कॅन्युलाने (बोथट सुईसारखी नळी) थेंबथेंब, वेगवेगळ्या थरात सोडतात. मोठा गोळा भरला तर आतली चरबी मरते आणि गाठी होतात, मग मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) त्या कॅन्सरच्या तर नाहीत ना म्हणून घाबरायला होतं. सेंट्रीफ्यूजमधून, म्हणजे गरागरा फिरवून थर वेगळे करणाऱ्या मशीनमधून, काढलेली चरबीची सिरिंज पाहिलीत तर वर तेल, मध्ये लोण्यासारखी पिवळी चरबी, खाली लालसर पाणी, त्यातलं मधलंच वापरतात.

ही आयडिया नवीन नाहीये हो, जर्मनीत नॉयबर नावाच्या सर्जनने १८९३ मध्ये दंडाची चरबी चेहऱ्याचा खड्डा भरायला वापरली होती. रेडिएशनने कडक झालेली कातडी यानंतर मऊ पडलेली मी स्वतः हात लावून बघितलीय. दोन-तीन सिटिंग लागू शकतात, ते आधीच विचारून घ्या, आणि सिगरेट ओढत असाल तर कृपा करून बंद करा.