मदत हवी आहे: वेचणीच्या हिशोबाचं ॲप बनवायचंय, सुरुवात कुठून करू?

राम राम मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातला, बीएस्सी करून घरची शेती पाहतो. वेचणीच्या दिवसांत आई संध्याकाळी धुऱ्यावर ताणकाटा टांगून एकेका वेचणारणीचा कापूस मोजते आन् किलो वहीत मांडते. बाजाराच्या आदल्या दिवशी चुकारा करताना वाद ठरलेला: "माये मंगळवारचे बावीस किलो कुठी गेले?" मागच्या हंगामात तर वहीच पावसात भिजली. म्हणून नाव, किलो, दर टाकला की हिशोब निघेल असं साधं ॲप हवंय. एक्सेल सुचवू नका, आईला ते जमत नाही.

अडचण लॅपटॉपची. रॅम ४ जीबी, अँड्रॉइड स्टुडिओ (ॲप बनवायचं गूगलचं सॉफ्टवेअर) मागते किमान ८. एम्युलेटर (लॅपटॉपवरचा नकली फोन) लावला की माऊसही हलत नाही. शेवटी फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टिचक्या मारून डेव्हलपर ऑप्शन्स (ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या लपलेल्या सेटिंग) उघडले, आता केबल लावून ॲप फोनवरच चालवतो. तरी एका बिल्डमध्ये (कोडचं ॲप तयार होईपर्यंत) चहा पिऊन होतो, तोही लाईन असली तर.

कोटलिन (अँड्रॉइड ॲपची प्रोग्रामिंग भाषा) धरू की फ्लटर (ॲप बनवायचं गूगलचंच दुसरं साधन)? २०१९ पासून गूगल कोटलिनलाच पुढे करते, पण मला कॉलेजातली थोडी जावाच येते. वावरात रेंज नसते, डेटा फोनमध्येच राहिला पाहिजे. त्यासाठी थेट रूम (फोनमध्येच डेटा साठवायची अँड्रॉइडची लायब्ररी) शिकू का? प्ले स्टोअरच्या नोंदणीचे २५ डॉलर सध्या नकोत, घरच्यांना एपीके (ॲपची फाइल) देईन. आन् आधी रॅम वाढवू का? खर्च कापूस विकल्यावरच जमेल.