घोटा मुरगळल्यानंतर सोळाशे मीटर धावण्याचं टायमिंग कसं खाली आणायचं? अनुभव लिहा

पहाटपळ
काल मैदानावर एक मुलगा घोट्याला क्रेप बँडेज गुंडाळून राउंड मारत होता, आणि जुने सरावाचे दिवस आठवले. धावण्याच्या चाचणीची तारीख जवळ आली की सगळे आधी वेगाच्या मागे लागतात आणि तोच घोटा पुन्हा जातो. जाणकारांनी नेमकं लिहा.
माझ्याकडून एवढंच: सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला असं नाही. ३० मिनिटं भरभर चालून दुखत नाही, त्या एका पायावर २० वेळा टाच पूर्ण उचलता येते आणि ३० सेकंद तोल राहतो, मगच पळायला सुरुवात. त्याआधी नाही.

फिजिओताई
यात भिंतीची चाचणी जोडा. अनवाणी उभं राहायचं, अंगठा भिंतीकडे, टाच जमिनीला चिकटलेली. गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवा. टेकला की पाऊल जरा मागे घ्या, पुन्हा टेकवा. टाच सुटायच्या आधीचं शेवटचं अंतर पट्टीने मोजा. दुसऱ्या पायापेक्षा दीड-दोन सेंमीने कमी भरलं, तर घोटा अजून आखडलेला आहे. पळताना पाऊल बाहेर फिरवून ती कसर निघते आणि मग नडगी किंवा गुडघा धरतो.
मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावरच दाबून दुखत असेल, तर आधी एक्स-रे. मालिश, शेक वगैरे काही नको.

लॅप४
सोळाशे ६ मिनिटांत हवं तर ४०० मीटरच्या राउंडला ९० सेकंद, २०० ला ४५. पहिला राउंड जोशात ८० मध्ये मारतात आणि तिसऱ्यात पाय जड होतात. टायमिंग तिथेच जातं.
क्रम असा: १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, असं १० वेळा, दिवसाआड. सलग २० मिनिटं जमली की शेवटी ८० मीटरचे ५-६ स्प्रिंट, पण ऐंशी टक्केच जोर. मग २०० चे ८, प्रत्येक ४५ सेकंदांत. ते सहज झाले की ४०० चे ५, मध्ये २ मिनिटं विश्रांती. वेगाचे दिवस आठवड्यात दोनच. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत, हे मात्र पाळाच.

अनुजा_प
टाच उचलण्याचा व्यायाम गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दोन्ही प्रकारे हवा. वाकवल्यावर पोटरीचा आतला स्नायू, सोलियस, जास्त काम करतो आणि पळताना मोठा भार त्याच्यावरच येतो. १२-१५ चे ३ सेट. सोपं वाटलं की पाठीवर सॅक घ्या. शिवाय रबर बँड अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला ढकला, सावकाश परत आणा. पाऊल आत मुडपायला लागलं की सावरणारे हेच स्नायू. कंटाळवाणं आहे, पण सोडू नका.

चिंतू_दादा
भावाची चाचणी पुढच्या महिन्यात आहे हो. सकाळी उठल्यावर घोटा जाम असतो त्याचा. पळू देऊ का?

फिजिओताई
दादा, काळजी वाटणारच. पळताना दहापैकी दोन-तीन एवढंच दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते शमलं, तर चालेल. सकाळचा ताठरपणा आदल्या दिवसापेक्षा वाढला किंवा सूज आली, तर एक पायरी खाली. गोळी खाऊन पळू देऊ नका. दुखणं दबतं, इजा तशीच वाढत राहते. तोवर सायकल किंवा पोहणं, दम टिकतो.

लॅप४
आणि पूर्ण सोळाशे घड्याळ लावून ८-१० दिवस आधी एकदाच. शेवटचे चार दिवस हलकं पळणं, बाकी आराम.

मैदानवाला
ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने पळतात, वळणावर आतल्या पायावर वेगळा ताण येतो. मैदान रिकामं असेल तेव्हा हलके राउंड उलट दिशेने मारा. खड्ड्याचं मैदान आणि अंधार टाळा.

अनुजा_प
@मैदानवाला, ब्रेस (घोट्याला आधार देणारा पट्टा) चालतो का चाचणीला? बुटात घट्ट होतो म्हणतात.

मैदानवाला
नियमपत्रक बघा, सगळीकडे सारखं नसतं. चालत असेल तर लेस-अप ब्रेस घ्या, आणि वेगाचा सराव तोच ब्रेस आणि तेच बूट घालून करा. लेस अगदी वरच्या भोकापर्यंत ओवली की टाच आत सरकत नाही.