चैत्रगौरीचं हळदीकुंकू: डाळ, पन्हं आणि तुमच्या घरच्या युक्त्या

पाडव्यानंतर चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत माहेरपण करते. या महिन्याभरात आपल्याला जमेल तो मंगळवार किंवा शुक्रवार धरायचा आणि बायकांना बोलवायचं. मला विचाराल तर वर्षातलं हे सगळ्यात शहाणं आदरातिथ्य आहे. डाळ वाटायची, कैरी किसायची, हरभरे रात्री भिजत टाकायचे, पन्ह्याचा गर दोन दिवस आधी करून ठेवायचा. ऐन उन्हाळ्यात गॅससमोर उभं राहायचं ते फक्त फोडणीपुरतं.

तरी दरवर्षी तेच प्रश्न. डाळ संध्याकाळपर्यंत टिकेल का? पन्हं किती जणींना पुरेल? दोन खोल्यांत चाळीस बायका बसवायच्या कुठे? म्हणून हा धागा. आठवणी लिहाच, पण सोबत मापंही लिहा. ‘अंदाजे घ्यायचं’ हे उत्तर चालणार नाही!

सुरुवात मी करते. 1 किलो हरभरा डाळ भिजून दुपटीच्या आसपास होते. त्यात पाऊण किलो आंबट कैरी आणि एक मोठा नारळ धरला तर तयार डाळ पावणेतीन-तीन किलो भरते. बशीत 50 ग्रॅम वाढली तर पन्नास-पंचावन्न जणींचं होतं. डाळ चार-पाच तासच भिजवायची. रात्रभर ठेवली की ती पाणी पिऊन मऊ होते आणि वाटताना तिचं पीठ होतं. चाळणीत निथळायची, मग अर्धा तास पंचावर पसरायची आणि मिक्सर थांबवत थांबवत भरडच ठेवायची. वाटताना पाण्याचा थेंब नाही. हिंग, मोहरी, हळद, सुक्या मिरच्यांची फोडणी तेल सढळ घेऊन करायची आणि पूर्ण गार करून वर ओतायची. गरम ओतली की डाळ लवकर खराब होते. कैरी आणि नारळ मिसळायचे ते पहिली पाहुणी यायच्या तासभर आधी. तोवर वाटलेली डाळ मीठ न घालता फ्रिजमध्ये.

आता तुम्ही लिहा.

*

डोंबिवलीहून

वन रूम किचन आणि बोलावणं पूर्ण विंगला. आमच्या सासूबाईंचा नियम होता, वेळ ‘चार ते आठ’ अशी सांगायचीच नाही. तळमजला साडेचारला, पहिला मजला सव्वापाचला, असं सांगायचं. नोकरी करणाऱ्या सगळ्या सातनंतर. एका वेळी खोलीत दहा-बाराच जणी असतात, मग गप्पाही होतात. नाहीतर दारात चपलांचा ढीग आणि आत ‘तुम्ही बसा, आम्ही निघतो’ एवढंच.

आरास कशी करते तेही लिहिते. पुठ्ठ्याची खोकी उतरत्या पायऱ्यांसारखी लावायची, रिकामी ठेवायची नाहीत, आत रद्दी भरायची म्हणजे मधे खचत नाहीत. वर जुनी जरीची साडी. सगळ्यात वर झोपाळ्यात देवघरातली अन्नपूर्णा. खाली करंज्या, लाडू, काकडीची फुलं, कलिंगडाचं कमळ. कलिंगड कापायचं सगळ्यात शेवटी. पंख्याखाली तासाभरात त्याला पाणी सुटतं आणि ते पायरीवरून साडीत उतरतं. कमळाखाली खोलगट ताटली ठेवाच.

उष्ट्या भांड्यांसाठी मोरीत पाण्याची एक बादली. पेले तिथेच जायचे. कागदी कप मला पन्ह्याला आवडत नाहीत, कडा मऊ पडतात.

*

रत्नागिरीहून

कैरी कुठली ते कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. (हो, पुरुष आहे. नारळ खवायचं काम आमच्या घरी माझंच.) डाळीला आणि पन्ह्याला रायवळ कैरी. तोतापुरी दिसायला मोठी आणि गर भरपूर, पण तिला आंबटपणाच नाही, मिठा-तिखटाबरोबर नुसती खायला ठीक. शहरात तोतापुरीच मिळत असेल तर डाळीत वरून लिंबू पिळा. आमच्याकडे वाऱ्यानं पडलेल्या हापूसच्या कैऱ्यासुद्धा चालतात, फक्त पडल्या त्या दिवशीच वापरायच्या.

पन्ह्याचं माप. कैऱ्या धुऊन, डबा झाकून कुकरमध्ये तीन शिट्ट्या, डब्यात पाणी नको. गार झाल्या की साल काढून गर कुस्करायचा, चाळणीतून काढायचा. 1 वाटी गराला दीड वाटी चिरलेला गूळ, कैरी फारच आंबट असेल तर दोन. चिमूटभर मीठ, वेलची. केशर घालायचं तर गुळाऐवजी साखर घ्या, गुळात केशराचा रंगही दिसत नाही आणि वासही दबतो. हे मिश्रण काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये आठवडा आरामात टिकतं. प्यायला देताना एक भागाला तीन ते चार भाग गार पाणी. म्हणजे लिटरभर मिश्रणातून चार-पाच लिटर पन्हं, छोटे 150 मिलीचे पेले धरले तर तीसेक पेले.

आणि एक. शोभेसाठी पन्हं पितळेच्या किंवा तांब्याच्या घंगाळात ओतून ठेवू नका. कल्हई नसेल तर आंबट पदार्थ कळकतो, पोट बिघडतं. स्टील, काच, नाहीतर चिनी मातीची बरणी.

*

नागपूरहून

कोकणातल्या दादांनी माप छान दिलं, पण आमच्याकडे तीन-चार भाग पाणी घालून भागत नाही, पाच भाग लागतं. एप्रिलच्या शेवटी पारा 43-44 वर असतो. संध्याकाळी सातच्या आधी कोणी घराबाहेर पाऊल टाकत नाही. माठात वाळ्याची जुडी टाकून ठेवते. आलेलीला आधी साधं गार पाणी आणि गुळाचा खडा द्यायचा, पन्हं मग. तहानेच्या पोटी गोड पन्हं प्यायलं की तहान आणखी वाढते.

विदर्भाबाहेरच्यांना न पडणारा प्रश्न म्हणजे कूलर. कूलर लावला की समई विझते आणि कुंकू उडून पांढऱ्या भिंतीवर जातं. बंद केला की पाहुण्या पदरानं वारा घेत बसतात. मी समई कोपऱ्यात, कूलरच्या पाठच्या बाजूला ठेवते आणि कोरडी पिंजर न ठेवता कुंकू पाण्यात कालवून करंडीत घेते. बोटानं लावायचं, उडत नाही.

*

बडोद्याहून

गायकवाडांच्या काळापासून इथं स्थायिक झालेली मराठी घरं पुष्कळ, त्यामुळे चैत्रात आमचीही धावपळ असते. चैत्रांगण काढायची हौस आहे, पण फ्लॅटमध्ये अंगण नाही आणि दारात काढलं तर पहिल्या तीन जणींच्या पायांनीच सूर्य-चंद्र पुसले जातात. मी दोन फूट बाय दोन फूट प्लायवूडचा तुकडा गेरूनं सारवून घेतला. त्यावर रांगोळीनं गौरीचा पाळणा, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मं, तुळस, नाग, कासव सगळं काढते. फळी झोपाळ्याशेजारी आडवी ठेवायची, भिंतीला टेकवून उभी केली की रांगोळी खाली. गेरूत थोडा डिंक कालवला तर तो बोटाला लागत नाही.

*

पुण्याहून

लसूण? कोणी आंबेडाळीत लसूण घालतं का? शेजारच्या काकूंनी घातला होता, म्हणून विचारतेय.

*

इंदूरहून

घालतात की! आमच्याकडे घालत नाहीत, पण वर बारीक शेव घालतात. पुण्याच्या आत्या नाक मुरडतात आणि दुसऱ्यांदा मागून घेतात.

इंदूरचं वेगळं म्हणजे इथं डाळ-पन्ह्यावर कोणी सुटत नाही. बोलावणं रात्री आठचं, आणि आलेली ‘काही तरी खाऊन जा’ म्हटल्याशिवाय उठत नाही. म्हणून मी एकच जास्तीचा पदार्थ ठेवते, दहीवडे. वडे आदल्या रात्री तळून, सकाळी पाण्यात भिजवून पिळून, दही वेगळं गार. वाढताना फक्त एकत्र करायचं. तळण आदल्या दिवशी झालं की त्या दिवशी घर तापत नाही. अत्तरदाणी-गुलाबदाणी अजून वापरते. गुलाबपाणी फ्रिजमध्ये ठेवून शिंपडा, बायका खूश होतात.

*

जळगावहून

आमच्या खानदेशात हे सगळं येऊन थांबतं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. गौराई, झोके, माहेरी आलेल्या लेकी, घागर भरणं. आणि साधं खाणं वगैरे काही नाही हं! खापरावरचे पुरणाचे मांडे, आमरस, सांजोऱ्या. 44 अंशात चूल पेटवून. कोणी विचारलं का, तर उत्तर एकच: लेक वर्षातून एकदा येते.

*

ठाण्याहून

2020 चा पाडवा 25 मार्चला होता, त्याच दिवसापासून देशभर लॉकडाउन. तीजेला गौर बसवली तेव्हा घरात कैरी नव्हती. लिंबाच्या रसाची डाळ केली, आल्याचा छोटा तुकडा किसून. आम्ही चौघांनीच खाल्ली. आता दरवर्षी थोडी तशीही करते, मुलं तीच मागतात.

शिवाय पाडवा मार्चमध्ये आला की पहिल्या आठवड्यात बाजारात कैऱ्या अगदी छोट्या असतात, बाठा न धरलेल्या. 2023 ला पाडवा 22 मार्चला होता, तेव्हा हेच झालं. 2024 ला 9 एप्रिलला, तेव्हा पहिल्याच शुक्रवारी भरलेल्या कैऱ्या मिळाल्या. तारीख ठरवताना पाडवा कधी आहे ते बघा. लवकर असेल तर शेवटचे पंधरा दिवस बरे.

*

पुण्याहून (दुसरा)

वडील गेल्यावर आई चैत्रगौरीचं सगळं करायची. डाळ वाटायची, हरभरे निवडायची, आणि बायका येऊ लागल्या की स्वयंपाकघरात जाऊन बसायची. कुणी सांगितलेलं नव्हतं. माझ्या बायकोनं लग्नानंतरच्या दुसऱ्या चैत्रात निरोपच असा दिला की ‘घरातल्या सगळ्या जणी या, आजीसुद्धा’. शेजारच्या दोन काकू, ज्या कधीच येत नसत, त्या पहिल्या आल्या. दोघी-तिघी कुजबुजल्या म्हणे. पुढच्या वर्षी त्याही आल्या, कारण आमच्याकडची डाळ चांगली असते. कुंकू नको असेल तिला हातावर अत्तर आणि मोगऱ्याची फुलं. ओटी सगळ्यांची सारखीच.

गजऱ्यांचं सांगतो, ते आणायचं काम माझं. सकाळी मंडईतून कळ्यांचे घ्यायचे, फुललेले नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. वरून पाणी शिंपडायचं नाही, डाग पडतात. संध्याकाळी चारला बाहेर काढले की सहापर्यंत उमलतात.

*

मेलबर्नहून

आमचा चैत्र पानगळीत येतो. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, मग सहालाच अंधार आणि बाहेर बोचरी थंडी. गौर बसते ती हीटरशेजारी! इथल्या आंब्याचा हंगाम तोवर संपलेला असतो, त्यामुळे इंडियन स्टोअरमधल्या फ्रोझन कैरीचे तुकडे. ते वितळल्यावर घट्ट पिळा, नाहीतर डाळ पिचपिचीत होते. पिळलेलं पाणी पन्ह्यात जातं. कैरी मिळालीच नाही तर हिरवं आंबट सफरचंद किसून वर लिंबू, वेळ निभावते.

गार पन्हं कोण पिणार? मी बरोबर आल्याचा चहा ठेवते. सासूबाई व्हिडिओ कॉलवर चहा बघून ‘हे काय चैत्रातलं?’ म्हणतात. पेले तरी रिकामे होतात. हळदीकुंकू शनिवारी दुपारी, आणि नवरे-मुलं सगळी येतात. ओटीत भिजवलेल्या हरभऱ्यांऐवजी मूठभर भाजलेले चणे देते, गाडीत सांडले तरी चालतात.

*

डोंबिवलीहून (परत मीच)

हरभऱ्यांवरून आठवलं, भिजवलेल्यांचंच लिहायचं राहिलं. दहा-बारा तास भिजवायचे आणि उकाडा असेल तर मधे एकदा पाणी बदलायचं, नाहीतर आंबूस वास येतो. निथळून पंचावर पसरले म्हणजे ओटीत देताना पदर ओला होत नाही. चाळीस जणींना मूठभर द्यायला सुके हरभरे सव्वा ते दीड किलो पुरतात.

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशीची. शुक्रवारी विंगमध्ये तीन घरी हळदीकुंकू असलं की प्रत्येकीच्या फ्रिजमध्ये तीन घरचे हरभरे. शनिवारी आमच्या जिन्यात सगळीकडे एकच वास, हरभऱ्याच्या उसळीचा. कुकरला मीठ घालून चार-पाच शिट्ट्या, मग कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि गोडा मसाला, आमसूल दोन. उरलेली डाळ असेल तर तिच्यात थोडं तांदळाचं पीठ, कोथिंबीर, आणि चपटे वडे करून तव्यावर कमी तेलात. कैरीमुळे त्यांना तिखट-आंबट चव येते आणि सोबत चटणी लागत नाही. डाळ रात्रीच फ्रिजमध्ये गेली असेल तरच हं. बाहेर राहिलेली टाकून द्यायची, उन्हाळ्यात नारळ घातलेल्या डाळीवर विश्वास ठेवायचा नाही.